काळ्या कातळावरची गोगलगाय
भरती-ओहोटीच्या पट्ट्यात तग धरणाऱ्या इवल्या जीवाची ओळख

वडनेर भोलजी (जि. बुलडाणा) : हिवाळ्यात शाळांच्या सहली कोकणात जाऊन परततात, तेव्हा मुलांच्या दप्तरांतून मूठभर शंख-शिंपले हमखास घरी येतात. वडनेरपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेतीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. त्यामुळे या मूठभर ठेव्याचे अप्रूप मोठे. रंगीत शिंपले आणि कवड्या काचेच्या कपाटात दर्शनी भागी बसतात. त्याच मुठीत बहुधा एखादा जाड, वाटोळा, काळपट, सुपारीएवढा शंखही असतो. दिसायला साधा म्हणून तो मागे सारला जातो. वास्तविक त्या शंखात राहणाऱ्या जीवाइतके खडतर आयुष्य किनाऱ्यावरील फार थोड्या प्राण्यांच्या वाट्याला येते. दिवसातून दोनदा समुद्र आणि दोनदा वाळवंट अनुभवणारी ही सागरी गोगलगाय आहे तरी कशी, हे जाणून घेण्यासारखे आहे.

विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यास गोगलगाय म्हटले की पिकावरील संकट आठवते. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांत गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली आणि अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली. ती जमिनीवरची, फुप्फुसासारख्या पोकळीने हवेत श्वास घेणारी गोगलगाय. तिची किनाऱ्यावरील ही दूरची नातेवाईक कल्ल्यांनी श्वास घेते. दोघींची देहरचना मात्र मूलतः एकच आहे. 'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण आपण साळसूद दिसणाऱ्या माणसाला लावतो. पण प्राणिशास्त्रानेही या प्राण्यांच्या वर्गाला नेमके तेच नाव दिले आहे. गॅस्ट्रोपोडा, म्हणजेच उदरपाद. पोटाखालचा स्नायूंचा एकच रुंद तळवा हाच तिचा पाय.

पट्टा दोन जगांमधला

अरबी समुद्राला आपल्या किनाऱ्यावर सुमारे २४ तास ५० मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते, तेव्हा मुंबईजवळ पाण्याची पातळी साडेचार मीटरच्याही वर चढते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती येते, तेव्हा हा चढउतार बराच कमी असतो. सर्वांत वरच्या भरतीची रेषा आणि सर्वांत खालच्या ओहोटीची रेषा यांमधला जो भाग, तो भरती-ओहोटीचा पट्टा. तो धड समुद्र नाही आणि धड जमीनही नाही.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हा पट्टा अनेक ठिकाणी काळ्या कातळाचा आहे. मुंबईत वांद्रे, वरळी, हाजी अली आणि त्याखाली रायगड, रत्नागिरीपर्यंत ठिकठिकाणी लाटा या कातळावर आदळतात. हा कातळ म्हणजे दख्खनच्या पठाराचा बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा थर. बुलडाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर ज्या खडकात खोदले गेले, तोच हा खडक. दगड एकच, इकडे त्यावर पळस उगवतो आणि तिकडे गोगलगायी चिकटतात, एवढाच फरक.

या कातळावर नीट पाहिले तर जीवांचे मजले दिसतात. सर्वांत वर, जेथे फक्त तुषार पोहोचतात, तेथे लिटोरिनिड कुळातील ज्वारी-हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या गोगलगायी असतात. त्याखाली नेरिटा आणि रेघारेघांचा टोकदार प्लॅनॅक्सिस. त्याखाली कालवांचे थर, बार्नेकल आणि त्यांच्यावर जगणाऱ्या मांसाहारी गोगलगायी. कोण कोणत्या मजल्यावर राहणार, हे वरच्या बाजूने ऊन आणि कोरडेपणा ठरवतो; खालच्या बाजूने शत्रू आणि जागेची चढाओढ ठरवते.

घर, दार आणि कडी

आपल्या कपाटातील तो वाटोळा शंख बहुधा नेरिटाचा. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर नेरिटा ओरायझारम ही तिची जात सर्रास आढळते. तांदळाच्या शास्त्रीय नावात जो 'ओरायझा' आहे, तोच शब्द या गोगलगायीच्या नावातही आला आहे. लांबी दोन-अडीच सेंटिमीटर. पण शंख इतका जाड की तो फोडणे खेकड्यालाही सोपे जात नाही. शंखाचे तोंड अर्धचंद्राकृती असते आणि त्याच्या सरळ कडेवर दातासारखे उंचवटे असतात. ही खूण लक्षात ठेवली तर नेरिटा ओळखणे अवघड नाही.

या घराला दारही आहे. पायाच्या मागच्या भागावर चुन्याचे एक टणक झाकण असते. गोगलगाय आत गेली की हे झाकण तोंडावर घट्ट बसते. झाकणाच्या आतल्या बाजूला एक खुंटी असते, तिला स्नायू जोडलेले असतात. म्हणजे दाराला आतून कडी लावावी तशी ही व्यवस्था. याखेरीज नेरिटाची आणखी एक खासियत आहे. बहुतेक शंखांत आतपर्यंत वेटोळ्यांचा जिना असतो; नेरिटा मात्र वाढत असताना आतील जुन्या भिंती विरघळवून टाकते. त्यामुळे आत एक मोकळी खोली तयार होते आणि ओहोटीच्या काळासाठी त्या खोलीत पाणी साठवता येते. या पाण्यामुळे कल्ले ओलसर राहतात आणि देह तापण्याचा वेगही मंदावतो.

दिवसा ओहोटी असेल तर या गोगलगायी कपारीत, दगडाच्या सावलीच्या बाजूला, अनेकदा एकमेकींना चिकटून बसलेल्या दिसतात. एकत्र बसल्याने ओलावा टिकतो. खडक ओला असतो तेव्हा, विशेषतः रात्री, त्या चरायला बाहेर पडतात. वरवर पाहणाऱ्यास त्या निश्चल दगडासारख्या भासतात, त्याचे कारण आपण त्यांना त्यांच्या विश्रांतीच्या वेळी पाहतो.

कानशीची जीभ

खडकावर जो निसरडा हिरवट थर असतो, तोच नेरिटाचा आहार. सूक्ष्म शैवाले, जिवाणू आणि शैवालांचे कोवळे अंकुर यांचा तो थर असतो. तो खरवडण्यासाठी तोंडात रॅड्युला नावाची फितीसारखी पट्टी असते आणि तिच्यावर बारीक दातांच्या ओळीच्या ओळी असतात. सुताराची कानस लाकडावर चालते तशी ही पट्टी खडकावर चालते. पुढचे दात झिजून गळतात, मागून नवे पुढे सरकतात. याच किनाऱ्यावर टोपीसारखा शंख असलेल्या लिम्पेट गोगलगायी असतात. त्यांच्या एका युरोपीय जातीच्या दातांचा अभ्यास ब्रिटनमधील पोर्ट्समथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. लोहखनिजाचे सूक्ष्म तंतू असलेले हे दात तोपर्यंत मोजलेल्या जैविक पदार्थांत सर्वांत मजबूत ठरले.

या चरण्याला किनाऱ्याच्या व्यवस्थेत महत्त्व आहे. गोगलगायी शैवाल खरवडत राहतात म्हणून कातळावर मोकळ्या जागा राहतात; त्या जागांवर कालवे आणि बार्नेकल यांची पिले वसू शकतात. गोगलगायी स्वतः खेकडे, मासे, पक्षी आणि मांसाहारी गोगलगायी यांचे भक्ष्य होतात. मेल्यावरही त्यांचा उपयोग संपत नाही. रिकाम्या शंखात शंखवासी खेकडा बिऱ्हाड करतो. या खेकड्याचा मागचा देह मऊ असतो. उसन्या शंखावाचून तो फार काळ जगू शकत नाही. अंग वाढले की त्याला मोठे घर शोधावे लागते. सहलीत आपण उचलतो तो 'रिकामा' शंख अशा एखाद्या भाडेकरूचे पुढचे घर असू शकतो.

पिलांचा प्रवास

नेरिटामध्ये नर व मादी वेगळे असतात. मीलनानंतर मादी खडकावर किंवा दुसऱ्या शंखांवर तिळाएवढ्या, पांढुरक्या, चपट्या कुप्या चिकटवते. प्रत्येक कुपीत अनेक अंडी असतात. आतून बाहेर पडणारे डिंभ डोळ्यांना दिसणार नाहीत इतके सूक्ष्म असतात. केसाळ पडद्याच्या साहाय्याने ते पाण्यात तरंगतात, प्लवकांवर जगतात आणि प्रवाहाबरोबर दूरवर जातात. त्यांपैकी फारच थोड्यांना पुन्हा योग्य कातळ मिळतो. जे टेकतात त्यांचे पुढील आयुष्य त्या काही मीटरांच्या परिसरातच सरते.

शेजारचा प्लॅनॅक्सिस वेगळी वाट चोखाळतो. त्याची मादी डोक्याच्या भागातील एका पिशवीत अंडी बाळगते आणि पिले थोडी वाढल्यावर त्यांना सोडते. खवळलेल्या समुद्रात अंडी उघड्यावर टाकण्यापेक्षा हा मार्ग पिलांना अधिक सुरक्षित.

उन्हाची कसोटी

काळा कातळ ऊन शोषून घेतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ओहोटी असताना त्यावर अनवाणी उभे राहणे माणसाला अशक्य होते. तेथे वरच्या मजल्यावरील लिटोरिनिड गोगलगायी तासन्‌तास, भांगाच्या दिवसांत तर सलग काही दिवस, पाण्यावाचून राहतात. त्यांचा उपाय विलक्षण आहे. झाकण लावून घेण्यापूर्वी शंखाची कड चिकट स्रावाच्या एका थेंबाने खडकाला चिकटवायची आणि पाय आत ओढून घ्यायचा. आता शंख खडकाला एका बिंदूत टेकलेला असतो. तापलेल्या दगडाची उष्णता देहात कमी शिरते. मग ती शरीरातील सारे व्यवहार मंदावून टाकते, जणू दिवा बारीक करून ठेवते. आग्नेय आशियातील अशा एका जातीवर झालेल्या प्रयोगांत ती पन्नास अंश सेल्सिअसपुढील तापमानही सोसते असे दिसून आले आहे.

परंतु ही सहनशक्ती अमर्याद नाही. जो प्राणी आधीच आपल्या सोसण्याच्या सीमेवर राहतो, त्याला आणखी दोन-तीन अंशांची वाढ जीवघेणी ठरू शकते. तापणाऱ्या हवामानाचा परिणाम समजून घेण्यासाठी जगभरचे शास्त्रज्ञ किनाऱ्यावरील गोगलगायींचा अभ्यास करतात, तो यासाठीच. पावसाळ्यात कसोटी उलट असते. मुसळधार पाऊस आणि नद्यांचे लोंढे यांनी किनाऱ्याचे पाणी गोडे होते. अशा वेळी झाकण लावून खारेपण परतण्याची वाट पाहणे, हाच नेरिटाचा मार्ग.

कोकणच्या नावाची गोगलगाय

या कातळावर कोकणचे नाव धारण करणारी एक छोटी मांसाहारी गोगलगायही आहे. अलेक्झांडर ॲबरक्रॉम्बी यांनी मुंबईच्या किनाऱ्यावर गोळा केलेल्या शंखांचा अभ्यास करून इंग्लंडमधील जेम्स कॉस्मो मेल्व्हिल यांनी १८९३ मध्ये २५ नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील एकीला त्यांनी 'कोंकणेन्सिस' हे नाव दिले. ही म्युरिसिड कुळातली. या कुळातील गोगलगायी बार्नेकल, कालवे व इतर शंखांना बारीक भोक पाडून आतले मांस खातात.

या गोगलगायीने पुढे शंभर वर्षांनी एका विषाची साक्ष दिली. जहाजांच्या तळाला बार्नेकल चिकटू नयेत म्हणून १९६० च्या दशकापासून ट्रायब्युटिल टिन, म्हणजे टीबीटी हे कथिलाचे संयुग असलेला रंग जगभर वापरला जाऊ लागला. १९७० मध्ये इंग्लंडच्या प्लिमथ परिसरातील मादी गोगलगायींना नराचे जननेंद्रिय फुटल्याचे स्टीफन ब्लेबर यांनी नोंदवले. पुढे अमेरिकेतही तसेच दिसले. या विकृतीला 'इम्पोसेक्स' असे नाव मिळाले आणि १९८० च्या दशकात तिचे कारण टीबीटी असल्याचे सिद्ध झाले. एक लिटर पाण्यात एका ग्रॅमचा अब्जावा भाग एवढे अत्यल्प प्रमाणही त्यास पुरेसे होते. विकृती बळावली की मादीचा अंडी घालण्याचा मार्गच बंद होतो. अनेक बंदरांजवळील गोगलगायी अशाच नाहीशा झाल्या.

भारतीय समुद्रातील या विकृतीची नोंद १९९९ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील वाय. विश्वकिरण आणि ए. सी. अनिल यांनी प्रसिद्ध केली. ज्या प्राण्यात ती आढळली, तो हाच कोकणच्या नावाचा शंख. कोणत्याही महागड्या यंत्राआधी किनाऱ्यावरील एका क्षुद्र जीवाने पाण्यातील विष दाखवून दिले. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये अशा रंगांवर बंदी घालणारा करार स्वीकारला आणि तो १७ सप्टेंबर २००८ पासून अमलात आला. टीबीटीचा वापर घटल्यावर इंग्लंडसह काही देशांच्या किनाऱ्यांवर गोगलगायी परतू लागल्या.

सह्याद्री चढलेली बहीण

सागरी गोगलगायीची गोष्ट किनाऱ्यावरच संपत नाही. वर उल्लेखिलेले लिटोरिनिड कूळ जगभर पसरलेले आहे आणि त्यातील जवळजवळ सर्व जाती समुद्राकाठीच राहतात. अपवाद एकाच प्रजातीसमूहाचा, आणि तो आपल्या सह्याद्रीत आहे. क्रेम्नोकाँकस हे त्याचे नाव. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'कड्यावरचा शंख'. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी १८६३ मध्ये यातील एका जातीचे वर्णन केले आणि तिला सह्याद्रीचेच नाव दिले. क्रेम्नोकाँकस हे नाव त्यांनी १८६९ मध्ये योजले.

धबधब्यांच्या तुषारांनी भिजलेले, शेवाळलेले उभे कडे हे तिचे घर. समुद्रकाठी जे काम लाटांचे तुषार करतात, ते येथे धबधबा करतो. महाराष्ट्रातील जाती दीर्घकाळ ज्ञात होत्या. २०१३ मध्ये डेव्हिड रीड, एन. ए. अरविंद आणि एन. ए. मध्यस्थ या संशोधकांनी कर्नाटकातील घाटांतून आणखी नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. सागरी कुळातील एखादी शाखा डोंगरात चढून गोड्या पाण्यात स्थिरावते, ही घटना उत्क्रांतीच्या अभ्यासकांना मोलाची वाटते. पण या गोगलगायींचा संसार एखाद्या कड्यापुरता, एखाद्या ओढ्यापुरता असतो. ओढा वळवला, कडा फोडून रस्ता रुंद केला, तर त्यांना जायला दुसरी जागा नाही.

कातळ उरला तर

किनाऱ्यावरील गोगलगायींपुढेही प्रश्न जागेचाच आहे. मुंबईतील मरीन ड्राइव्ह ते वरळी या सागरी किनारा मार्गासाठी शंभर हेक्टरांहून अधिक भराव टाकण्यात आला. २०२४ च्या मार्चपासून हा मार्ग टप्प्याटप्प्याने खुला झाला. २०२० मध्ये हाजी अली व वरळी येथील प्रवाळांच्या वसाहती उचलून अन्यत्र हलवण्यात आल्या, कारण प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. नेरिटा किंवा लिम्पेट यांना तसे संरक्षण नाही. २००१ मध्ये काही मोठे, दुर्मीळ शंख या कायद्याच्या अनुसूचीत आले. सर्रास आढळणारे छोटे शंख त्यात नाहीत. भरावाखाली गेलेल्या कातळावरील गोगलगायींची गणती कोणी ठेवत नाही.

भरावाच्या कडेला उभारलेल्या भिंतीवर गोगलगायी राहू शकत नाहीत काय, असा प्रश्न पडतो. काही राहतात. परंतु नैसर्गिक कातळाला उतार असतो, कपारी आणि डबकी असतात, सावली असते. गुळगुळीत उभ्या भिंतीवर यांतले फारसे काही नसते. त्यामुळे तेथे मोजक्याच जाती टिकतात. भिंत बांधताना तिच्यात मुद्दाम खाचा व पाणी साठणारे कोनाडे ठेवण्याचे प्रयोग सिडनी, सिंगापूर आदी शहरांत झाले आहेत. आपल्याकडे दगडी बांधकामाची परंपरा मोठी. असा विचार येथेही करता येईल.

कायद्याच्या दृष्टीने भरती-ओहोटीचा पट्टा अगदीच बेवारस नाही. १९९१ मध्ये जारी झालेल्या किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेने आणि नंतरच्या २०११ व २०१९ च्या अधिसूचनांनीही या पट्ट्याचा समावेश पहिल्या वर्गात केला आहे. मात्र सवलतींची यादीही काळाबरोबर लांबत गेली. दुसरीकडे, सामान्य नागरिकांचे कुतूहल वाढते आहे, हे आशादायक. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट ओहोटीच्या वेळी मुंबईकरांना किनाऱ्यावर नेऊन तेथील जीवसृष्टी दाखवतो आणि तिच्या नोंदी ठेवतो.

सहलीला जाताना एवढे लक्षात ठेवा

कोकणात ओहोटीच्या वेळी कातळावर जाण्याआधी भरतीचे वेळापत्रक स्थानिकांना विचारून घ्यावे आणि पाणी वळण्यापूर्वी परतावे. शेवाळलेल्या दगडावर पाय घसरतो, म्हणून पट्ट्याची पादत्राणे असावीत. दगड उलटून पाहिला तर तो पुन्हा जसाच्या तसा ठेवावा. त्याच्या खालच्या बाजूला अंड्यांच्या कुप्या असू शकतात. चिकटलेली गोगलगाय ओढून काढू नये. शंख उचलला तर आत झाकण किंवा खेकड्याचे पाय दिसतात का ते पाहावे आणि दिसल्यास तो तेथेच ठेवावा. शंखाचे छायाचित्र घरी आणले तरी आठवण राहते.

वडनेरच्या शिवारात पडलेला पाऊस पूर्णेला मिळतो, पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेपाशी अरबी समुद्राला. समुद्र आपल्यापासून दूर असला, तरी आपल्या शेतातील खत, कीटकनाशक आणि गावातील प्लास्टिक यांना तेथपर्यंतची वाट ठाऊक आहे. कपाटातील तो काळपट शंख पुढे ओढून ठेवायला एवढे कारण पुरेसे आहे.